कोरियावालीचा उपास

मुलीच्या दृढीकरणासाठी शिवलेला पांढरा झगा मला ईस्टर यायच्या आत पुन्हा पुन्हा उसवावा लागला. आमच्या ख्रिस्ती लोकांत मुलं जाणती झाली की मंडळीसमोर उभी राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतात, तो विधी म्हणजे दृढीकरण. त्या दिवसापासून त्यांना मोठ्यांबरोबर प्रभुभोजनातली भाकर मिळते. पोरींच्या आया त्या झग्यावर जीव ओततात, आणि मी तर शिवणकामावरच जगणारी. तिसगावात बाजाराच्या रस्त्यापासून जरा आत आमचं घर, पुढच्या खोलीत माझं मशीन, आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या दंडाचा नि कमरेचा घेर मला तोंडपाठ. ‘टेप खोटं बोलत नाही,’ असं मी अंगाने सुटलेल्या गिऱ्हाइकाला तोऱ्यात सुनावते. पण माझ्याच पोरीच्या कमरेला टेप लावला आणि तो मागच्या खेपेपेक्षा आत आला, तेव्हा मी टेपालाच खोटं पाडलं. म्हटलं, मागच्या खेपेला माझंच लक्ष नसेल. शिवण आत घेतली, इस्त्री केली, झगा खिळ्याला अडकवला. थोड्याच दिवसांत तो पुन्हा तिच्या अंगावर लोंबायला लागला.

तिची तेव्हा नववी चालू होती. घरात आम्ही चौघं: ती, मी, तिचे पप्पा आणि माझ्या सासूबाई. पप्पा एसटीत कंडक्टर, त्यामुळे ते घरी कधी असतील ते डेपोच जाणे. सासूबाई म्हणजे चर्चच्या महिला मंडळातलं जुनं खोड. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की पाळकसाहेबांनासुद्धा घड्याळ बघायची चोरी.

आणि पाचवी होती ती कोरियावाली. तिचं नाव मला अजून नीट घेता येत नाही आणि आता घ्यायचंही नाही. गाणारी, नाचणारी, काचेच्या बाहुलीसारखी नितळ पोर. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलींना ती मोबाईलवर सापडली आणि सगळ्या तिच्यामागे लागल्या. बाकीच्यांचं खूळ दिवाळीपर्यंत ओसरलं, आमच्याकडे ते मुक्कामाला राहिलं. हिने तिचं चित्र छापून आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. सासूबाईंना एकदा लुगडं काढताना ते दिसलं. म्हणाल्या, “कुनाची गं ही? लई फिकुटलीय. घरात खायला न्हाई का तिच्या?” आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. हसताना माझी पोर म्हणाली होती, “आजी, तिला सगळं आहे गं. ती घेत नाही.” ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं.

खरं सांगायचं तर मलाही ती पोरगी आवडायची. लहानपणापासून घर सोडून राहिली, तासन्‌तास सराव केला, पाय सुजले तरी नाचली, असं माझी मुलगी मला मशीनशेजारी बसून सांगायची. मीही आळसावलेल्या सकाळी हिला ऐकवायचे, “ऊठ, तुझी कोरियावाली आत्तापर्यंत चार गाणी नाचून मोकळी झाली असेल.” आणि ही खरंच उठायची. अभ्यास करायची, नाच बसवायची, इंग्रजी सुधारलं तिचं. शाळेच्या गॅदरिंगला तिने त्या गाण्यावर नाच केला तेव्हा चुणीदार स्कर्ट मीच शिवून दिला होता. नाच संपल्यावर टाळ्या थांबेनात. शेजारणीची धाकटी, पहिलीत जाणारी, स्टेजच्या कडेला उभी राहून हिचा हातन्‌हात उचलत होती. त्या दिवशी मी गावातून मान वर करून चालले. कुणी नटीच्या नादाने बिघडतं, माझी सुधारली, असं दहा जणींना सांगून झालं.

मग राखेचा बुधवार आला. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आमच्यात उपासाचे. उपास म्हणजे तरी काय, कुणी मटण सोडतं, कुणी चहा, म्हातारी माणसं दुपारचं जेवण. पोरासोरांना कुणी सक्ती करत नाही. पण त्या वर्षी माझी मुलगी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर म्हणाली, “दृढीकरण आहे माझं. मी सगळे दिवस धरणार.”

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे तिच्या डोक्यावर हात ठेवून देवाचे आभार मानले. मलाही बरंच वाटलं. मोबाईलवर नाचणारी पोर देवाचं नाव घेतेय, आणखी काय हवं होतं? पप्पा तेवढे म्हणाले, “परीक्षेच्या दिवसात कशाला?” तर आम्ही दोघी सासवासुना, ज्यांचं मिठाच्या प्रमाणावरसुद्धा कधी एकमत झालं नाही, पप्पांवर एकजुटीने तुटून पडलो.

गावाने तर तिला डोक्यावरच घेतलं. महिला मंडळात तिचं उदाहरण द्यायला लागले. पाळकसाहेबांनी उपदेशात तिचं कौतुक केलं, नाव न घेता, पण सगळ्यांच्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. शेजारीण माळकरी घरातली, शेतकरीण. तिला आमच्या उपासाचे नियम ठाऊक नव्हते, पण उपास म्हणजे उपास. ती साबुदाण्याची खिचडी नि भगर घेऊन यायची. म्हणायची, “आमच्या पोरी नवरात्रात दुसऱ्याच दिशी भिताड धरत्यात. तुमची लई निग्रहाची हाय बया.” मुलगी हसून वाटी घ्यायची, आणि ती खिचडी शेजारणीच्याच धाकटीच्या पोटात जायची. धाकटी शाळा सुटली की आमच्याकडेच असायची, माझ्या मुलीच्या पाठीला चिकटलेली. ताईने वेणी पुढे घेतली की हिची वेणी पुढे. आम्ही तिला ‘शेपूट’ म्हणायचो.

आता वाटतं, कोणत्याही दुसऱ्या महिन्यात ही जेवायची थांबली असती तर दुसऱ्या दिवशी मी तिला पाटावर बसवून भरवलं असतं. पण उपासाच्या दिवसात न जेवणाऱ्या पोरीला कुणी ‘का जेवत नाहीस’ विचारत नाही. आमच्याकडे तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवतात.

ईस्टरच्या पहाटे चर्च भरून गेलं होतं. बिशपसाहेब आले होते. पांढरे झगे घातलेल्या मुली वेदीसमोर ओळीने गुडघे टेकून बसल्या. माझी त्यांत सगळ्यात लहान दिसत होती, वयाने मोठी असून. पहिल्यांदा प्रभूची भाकर तिच्या तळहातावर ठेवली गेली. तिने ती तोंडात घातली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने रुमाल ओठांना लावला. अगदी हलकेच, दोन बोटांत धरून. बाकावर शेजारी बसलेली बाई माझ्या कानाशी म्हणाली, “रडतेय पोर. आत्म्याने भरलीय.” मीही रडले.

घरी मटण शिजत होतं, पाहुणे होते. मुलगी म्हणाली, “पोट भरलंय माझं.” उपास संपला तरी जेवत नाही म्हणून पाहुण्यांनी थट्टा केली. मी तिचा झगा वाऱ्यावर टाकायला उचलला तर बाहीतून रुमाल पडला. उघडला. आत चावलेल्या भाकरीचा ओला गोळा होता.

माझं पहिलं भय तिच्यासाठी नव्हतं, देवासाठी होतं. एवढं पाप माझ्या घरात. तो तुकडा हातात धरून मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. टाकायचा तर कुठे? प्रभूची भाकर मोरीत टाकतात का? कुत्र्याला घालतात का? बाहेर पाहुणे हसत होते. शेवटी मी तो गोळा स्वतःच्या तोंडात घातला आणि गिळला. मग तिला आत ओढून कडी लावली.

“हा उपास कुणासाठी धरला होतास?” मी विचारलं.

तिची नजर फक्त एकदा कपाटाच्या दाराकडे गेली.

मी ते दार उघडलं आणि ते चित्र टराटरा फाडलं. ती ओरडली नाही, रडली नाही. समजूत घालावी तशी म्हणाली, “मम्मी, चित्र फाडून काय होणार? मला तिच्यासारखं व्हायचंय. तिने किती सोडलंय तुला माहीत नाही. मला आत्ता कुठे जमायला लागलंय.” एवढ्या शांतपणे कुणी विहिरीकडे चालत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिचे दंड धरले. ज्या हाताने गावच्या बायकांचे दंड मोजते त्या हातात तिचा दंड आला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. तिच्या मरणाची. स्पष्टच लिहिते, कारण पुढचे सगळे दिवस मी दुसरं काहीही मनात आणलेलं नाही.

त्यानंतर आम्ही काय केलं नाही? पप्पांनी रजा टाकली. मोबाईल काढून घेतला, तर तिने पाणी प्यायचं सोडलं. संध्याकाळी त्यांनीच मोबाईल तिच्या उशाशी ठेवला. एरवी दारुड्या पॅसेंजरला कॉलर धरून उतरवणारा माणूस अंगणात जाऊन ओक्साबोक्शी रडला. सासूबाई तिच्यापुढे ताट घेऊन बसायच्या. “बाय माझी, दुष्काळात मूठभर सुकडीसाठी आमी दिसभर खडी फोडली गं. एक घास.” मुलगी त्यांच्या सुरकुतलेल्या हाताचा मुका घ्यायची आणि मान हलवायची. मी तर शेवटचं हत्यार काढलं: “तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही.” आमच्याकडच्या आयांचं हे हत्यार कधी फुकट जात नाही. ते गेलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर मला घेरी आली तेव्हा तिनेच मला लिंबूसरबत करून पाजलं, प्रेमाने पाजलं, आणि स्वतः भांडं विसळून पालथं घातलं.

शेजारणीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. पाळकसाहेब तेल लावून प्रार्थना करून गेले. कोण म्हणालं बाहेरचं आहे, कोण म्हणालं जंत. मी सगळ्यांना हो म्हणत गेले, ज्याचं जळतं त्याला कळतं. भर उन्हाळ्यात पोर शाल पांघरून बसायची. सकाळी तिची वेणी घालताना फणीत येणारे केस मी पदरात लपवायचे. शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली, तेव्हा तिला पाथर्डीला डॉक्टरकडे नेलं. सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं. म्हणाले, हा हट्ट नाही, आजार आहे. मन आणि पोट दोन्हींवर एकदम इलाज करावा लागेल. नगरला न्या, तिथे याचे डॉक्टर आहेत, दाखल करतील. आणि उशीर करू नका, हे हृदयावर जातं.

घरी सांगितलं तर सासूबाई कडाडल्या, “पोरीला येड्यात काढताव व्हय? मनाच्या डॉक्टरकडं न्हेल्याव कोन करीन तिला?” मी त्या म्हातारीला आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलले. “जगली तर कुणी करील ना आई.” त्यांनी गाठोड्यातून एक शाल काढून माझ्या पिशवीत घातली.

पण मुलगी निघेना. स्टँडपर्यंत तिला आम्ही जवळजवळ ओढत नेलं. पाथर्डीकडून एसटी आली तसं तिने लोखंडी दांड्याला मिठी मारली. “मला काही झालेलं नाही, मी वेडी नाही,” असं किंचाळायला लागली. एवढ्याशा जिवात एवढा जोर कुठून आला देव जाणे. जीपची वाट बघणारी माणसं गोळा झाली. ऊसतोडीहून परतलेली एक बाई डोक्यावरचं बोचकं उतरवून मला म्हणाली, “कशापायी मारताव लेकराला?” आम्ही मारत नव्हतो. कंडक्टर ओळखीचाच होता, त्याने मान खाली घालून बेल दिली आणि गाडी गेली. पप्पा म्हणाले, “उद्या उचलून नेऊ.” असे दोन-तीन ‘उद्या’ गेले. आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणावर दात खाणार?

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी माझ्या मोबाईलवर त्या कोरियावालीला शोधत बसायचे. शिव्या द्यायला नव्हे. मला तिचं एक चित्र हवं होतं, जेवतानाचं. जिच्यापायी माझी पोर उपाशी आहे ती जेवते एवढं मला माझ्या पोरीला दाखवायचं होतं. पोरगी नाचते, हसते, विमानातून उतरते, रडते, बक्षिसं घेते. शोधून शोधून एकदा सापडलं. टेबलावर वाफाळलेला वाडगा, ती शेवया उचलते, तोंडात घालते, गाल फुगवून हसते. मी मशीनवरून उठून धावतच आत गेले.

मुलीने ते एकदा बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मम्मी, तिने गिळलं का ते बघ ना.”

मी पुन्हा लावलं. तोंडात घास गेला, गाल फुगले, आणि चित्र तुटून पुढचं हसू आलं. पुन्हा लावलं. गिळताना ती कुठेच दिसेना. मला एकदम त्या पोरीच्या आईची आठवण आली. म्हणजे तिला मी कुठून ओळखणार, पण असेल ना कुठेतरी, दाराशी ताट घेऊन बसलेली. खाली जगभरच्या पोरींनी लाल बदामांच्या ओळी टाकल्या होत्या. मी तिथे मराठीत लिहिलं, “बाई, एकदा खरंच जेव. माझी मुलगी तुझ्याकडे बघून बसली आहे.” लिहून झालं आणि हसू आलं स्वतःचं. रोज देवाकडे भाकर मागणारी मी आता कोरियाकडे मागत होते.

त्याच दिवसांत एकदा शेजारीण कुंपणाशी आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, “अवो, आमची बी ताटावर बसंना झालीया. कालपून नुसती पान्यावर हाय. मारलं तरी तोंड उघडंना.”

धाकटीला मी घरी बोलावलं, बाजरीची भाकरी आणि गूळ-तूप वाढलं. तिचं लाडकं जेवण. तिने ताट सरकवलं. “ताई खात न्हाई ना. मला बी ताईवानी बारीक व्हायचंय. नाचायला लागतं.”

माझी मुलगी शाल पांघरून भिंतीशी बसली होती. तिचा चेहरा एकदम बदलला. ती उठली, धाकटीशेजारी येऊन बसली, आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. “हे बघ, खाते ना ताई. खा तू.” धाकटी तिचं तोंड निरखत राहिली आणि मग खायला लागली. मी गॅसकडे तोंड करून उभी होते, कारण वळले असते तर ओरडलेच असते. इतक्या दिवसांत कुणाच्या प्रार्थनेने, कुणाच्या मिठाने, कुणाच्या औषधाने झालं नाही ते या शेपटाने केलं होतं.

मग मी रोजच धाकटीला दुपारी जेवायला बसवायला लागले. दोघी समोरासमोर. मी गोड करत होते, तिखट करत होते, देवाला नवस बोलत होते, जो आमच्यात बोलत नाहीत. सासूबाईंनी आभाराच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये नाव दिलं. पप्पा ड्युटीवर परतले, फोन करून विचारायचे, “आज किती?” मी सांगायचे, “अर्धी भाकरी गेली.” ताटातून तर गेलेली असायची. नगरचं नाव आम्ही पुढे ढकललं. हातात टेप असूनही मी तिचं माप घेतलं नाही. भीती वाटायची, आणि आशा त्याहून वाईट.

त्या दिवशी शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. धाकटी शाळेतून थेट आली. पहिलीतल्या पोरींच्या फ्रॉकला आया रुमाल पिनेने टाचतात, तसा तिचाही टाचलेला होता. दोघी जेवायला बसल्या. मी भाकरी थापत होते. धाकटीने घास घेतला, खूप वेळ चावला. मग टाचलेला रुमाल उचलून ओठांना लावला. अगदी हलकेच, दोन बोटांत धरून. रुमालाची घडी घातली आणि माझ्या मुलीकडे बघून दात काढले.

“ताई, बग. मला बी जमलं.”

तव्यावर भाकरी करपायला लागली तरी मला हलता येईना. एवढ्या दिवसांच्या सगळ्या अर्ध्या भाकऱ्या मला एकदम कळल्या. माझ्या मुलीचा हात ओढणीआड होता, त्यात तिचा रुमाल असणार. ती धाकटीकडे बघत होती. कोरियावालीच्या शेवया बघताना ती जशी निवांत होती तशी आता नव्हती. तिने धाकटीच्या फ्रॉकवरची घडी उघडली. आतला ओला घास दोघींच्या मधे तसाच पडून राहिला.

“असं नाही करायचं,” तिचा आवाज फाटला. “गिळायचं असतं, बाळा. मरतात अशाने.”

धाकटीने दुसरा घास तोंडात घातला, गालात धरला आणि म्हणाली, “मग तू गिळ की आदी.”

माझ्या मुलीने भाकरीचा तुकडा मोडला. आमटीत बुडवला. ओढणीआडचा रुमाल काढून तिने लांब फेकला, आणि तो मी पाहिला हे तिने पाहिलं. घास तोंडात घातला. चावला. तिने मान वर केली, डोळे घट्ट मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या. धाकटी तिच्या गळ्याकडे टक लावून होती, मीही. घास उतरेना. तिने पाणी घेतलं, पाणी ओठांवरून खाली आलं. पुन्हा घेतलं. तिला गिळायचं होतं, मी तिची आई आहे, मला कळत होतं, या खेपेला तिला खरोखर गिळायचं होतं. शेवटी ती पुढे वाकली आणि तो घास तिच्याच ओंजळीत परत आला.

ती माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी अंधारात जागी झाली की बघायची तशी.

“मम्मी, मला येतच नाहीये गं,” ती म्हणाली. “मला वाटायचं मी ठरवलं की येईल. मला घेऊन चल. आत्ता ने.”

मी तवा उतरवला. मशीनच्या सुईखाली कुणाच्या तरी लग्नाचं ब्लाऊज होतं, ते तसंच राहिलं. सासूबाईंनी न विचारता शाल घातलेली पिशवी पुढे केली. मुलीला उभं राहताना माझ्या खांद्याचा आधार लागला. या वेळी ती स्टँडकडे स्वतःच्या पायाने निघाली, आणि दारात क्षणभर थांबून तिने मागे बघितलं.

धाकटी ताटावर तशीच बसली होती. तिचा एक गाल फुगलेला होता. घास अजून तिच्या तोंडातच होता, आणि ताई आधी गिळेल याची ती वाट बघत होती.